खिंडीकडचं दार

१

क्रेनवाल्याचं प्रेत कधीच हलवलं होतं, पण त्याच्या चपला तिथेच होत्या. खिंडीकडच्या दारापाशी, एक उलटी, एक सुलटी. पोलिसांनी त्यांच्याभोवती खडूचं रिंगण काढलं होतं आणि पुढे त्यांचं काय करायचं हे न सुचल्यामुळे तसंच सोडून दिलं होतं.

टाचणीबाईंनी कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. जिथे पत्रा असायला हवा तिथे निळं आभाळ होतं. नवीकोरी पोलादी शेड, पण छपराचा मोठा भाग गायब. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या वाकून लोंबत होत्या. शाबूत होता तो फक्त खिंडीकडच्या भिंतीला लागून असलेला एक गाळा, तेवढाच.

बाई विमा कंपनीच्या सर्व्हेअर. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. दुखतं तिथे नेमकं टोचतात म्हणून माणसं पाठीमागे टाचणी म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. दाभण म्हणत नाहीत हेच नशीब, असं त्या म्हणत.

"सरळ हिशेब आहे बाई," शेजारी उभा असलेला कंत्राटदार म्हणाला. शेड उभारली होती त्याने. "डिझाइन चुकलं. आढ्यावर एवढे झरोके ठेवतं का कुणी? वारा आत शिरला आणि छप्पर घेऊन गेला. मी आपला सांगकाम्या. कागदावर जसं काढून दिलं तसं उभं केलं."

"सरळ हिशेब दिसला की मला धडकी भरते," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठे होतात रविवारी?"

"घरी. पलीकडच्या गावात. आमच्याकडे तर गारेचा खडासुद्धा पडला नाही."

रविवारी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी गारांचं वादळ आलं. फाटकावरचा पहारेकरी आपल्या खोलीत दार लावून बसला होता, त्याने फक्त प्रचंड आवाज ऐकला. क्रेनवाला क्रेनला तेलपाणी करायला एकटाच आत आलेला. छप्पर उचकटताना एक पत्रा भिरभिरत खाली आला तो थेट त्याच्या मानेवर. माणूस जागच्या जागी गेला. मागे बायको आणि दोन लहान मुली.

बाई चपलांपाशी वाकल्या. गुडघा कुरकुरला.

"चपला पडल्या नाहीत, काढल्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माणूस घाईघाईत चपला कशाला काढेल?"

"घसरायला होत असेल," कंत्राटदार बोलून गेला.

"बरोबर. ओल्या फरशीवर जोर लावायचा असला की आपण अनवाणी होतो." बाईंनी मान वर केली. "पण इथे जोर लावायचा कशावर?"

समोर फक्त दार होतं, आणि दार बंद होतं.

२

शेडचं डिझाइन केलं होतं मालकांच्या सुनेने. तिशीतली बाई. कारखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती खुर्चीत ताठ बसली होती. डोळे रडून झाले होते, आता कोरडे होते.

"उद्या चौकशी समिती येतेय," ती म्हणाली. "माझं लायसन जाईल. पोलीस केस होईल ती वेगळीच. आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, चूक कबूल करून टाक, मोठ्या वकिलाला सांगून निस्तरू, घरातली गोष्ट घरात राहील. हेही तेच म्हणतात."

"हे म्हणजे तुमचे यजमान?"

"हो. काल समजावत बसले होते. मी आहे ना तुझ्यामागे, म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला झोप नाही. मी सगळी आकडेमोड परत केली. चूक सापडत नाहीये." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "सापडली असती तर बरं झालं असतं हो. निदान कळलं असतं तो कशाने गेला ते."

बाईंना ते वाक्य आवडलं. दोषी माणसाला चूक सापडायला नको असते.

"मला लहान मुलाला सांगतात तसं सांगा," त्या म्हणाल्या. "ही शेड अशीच का बांधली?"

आणि मग सून बोलू लागली तशी खोलीत जरा जीव आला. आप्पांना हवी होती त्यांच्या मित्राच्या शेडची हुबेहूब नक्कल. ती शेड होती लांबच्या थंड मुलखात. छत बुटकं, झरोके नाहीत, कारण तिकडे ऊब आत कोंडायची असते. इथे तशीच बांधली असती तर उन्हाळ्यात माणसं भाजून निघाली असती. म्हणून हिने छत उंच घेतलं. गरम हवा वर जाऊन निघून जावी म्हणून आढ्यावर झरोके दिले. दुपारचं ऊन ज्या भिंतीवर येतं तिला दुहेरी पत्रा लावला. तळ्याकडून दमट हवा येते, तर लोखंडाला गंज न धरणारा रंग दिला. जमीन पाण्याने फुगते, तर पाया खोल नेला.

"पोलाद सगळीकडे सारखंच," ती म्हणाली. "हवा नाही सारखी. अंगरखा शिवायचा तर ज्याच्या अंगात घालायचा त्याचं माप घ्यायला नको का?"

"आणि वारा?"

"त्यावरूनच तर भांडण झालं. एरवी वारा येतो तळ्याकडून, पश्चिमेचा. सगळ्यांना तोच माहीत. पण उन्हाळा संपता संपता वादळ येतं ते उलट्या बाजूने, पूर्वेकडच्या खिंडीतून. मी वर्षभर गच्चीवर कापडाच्या पट्ट्या बांधून बघत होते. माळावरची झाडंसुद्धा बघा, सगळी तळ्याकडे कललेली आहेत. रोजच्या वाऱ्याने कलली असती तर उलटी कलली असती. म्हणून मोठं दार मी तळ्याकडे ठेवलं आणि खिंडीकडची भिंत बंद ठेवणार होते."

"पण तिकडे दार आहे."

"आप्पांचा हट्ट. घर त्या बाजूला आहे ना, मागच्या गल्लीने येणंजाणं सोपं. मी म्हटलं ठीक, पण वादळाच्या दिवसांत ते उघडायचं नाही. पत्र्याच्या झरोक्यातून वारा येतो तो निघूनही जातो. त्याची काही भीती नाही. पण वाऱ्याच्या तोंडावर एवढं मोठं दार उघडं राहिलं तर वारा आत कोंडतो आणि छप्पर खालून उचलतो. वरून तो ओढत असतोच. आणि एकदा वारा आत शिरायला लागला की ते सरकतं दार रुळात अडकून बसतं, एकट्याच्याने लागत नाही. दोघं लागतात. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. घरात, कारखान्यात, क्रेनवाल्यालासुद्धा."

"रविवारी तुम्ही?"

"माहेरी गेले होते. आई आजारी आहे. फोन आला तेव्हा मी तिला औषध देत होते."

बाई उठल्या. दारात थांबल्या.

"छप्पर उडायला दार उघडंच हवं?"

"माझी आकडेमोड बरोबर असेल तर हवंच," सून म्हणाली. "पण पोलीस आले तेव्हा ते बंद होतं बाई. सगळ्यांनी पाहिलंय."

३

मागच्या गल्लीने मालकांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. बाई मुद्दाम चालत गेल्या. घराच्या खिडक्यांना पोलादी झडपा होत्या, जाडजूड, हाताने ठोकून केलेल्या. खिंडीकडच्या बाजूच्या झडपांवर गारांचे वण होते, देवीचे असावेत तसे. वळसा घालून त्या पुढच्या बाजूला आल्या. तळ्याकडच्या झडपा गुळगुळीत होत्या.

"झडपा बघताय होय?" ओटीवरून आप्पा म्हणाले. सत्तरी उलटलेली, पण मनगटं अजून लोहाराची. "स्वतः केल्यात. पत्रा ठोकत ठोकत मोठा झालो मी. हातोडी आणि मी, दोघंच होतो सुरुवातीला. आता लोक कॉम्प्युटरवर शेड बांधतात आणि ती उडून जाते."

"सुनेवर राग दिसतो."

"राग कसला? लेकीसारखी आहे. पण शिकली म्हणून शहाणी झाली असं नाही. मला वारा शिकवते! जन्म गेला माझा इथे. वारा तळ्याचा, दुसरीकडून येतो कधी? खिंडीतून वारा येतो म्हणे. खिंडीतून शेळ्या येतात."

बाईंना हसू आलं. म्हातारा बोलायला गोड होता, आणि गोड बोलणाऱ्यांशी बाई जपून वागत.

"रविवारी घरात कोण होतं?"

"मी आणि बाळ. गारा सुरू झाल्या तशा झडपा लावून आतल्या खोलीत बसलो. वादळ संपेपर्यंत हललो नाही. हो की नाही रे?"

बाळ म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, सुनेचा नवरा, वय पस्तिशीचं. कामगार त्याला धाकटे मालक म्हणत. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने मान हलवली.

"आवाज आला तेव्हा कारखान्यात धावला नाहीत?"

"आवाजात आवाज," आप्पाच म्हणाले. "गारा काय कमी वाजत होत्या? आम्हाला पहारेकऱ्याने येऊन सांगितलं तेव्हा कळलं."

मुलगा तिथेच टेकून उभा होता. अंगणाकडे बघत होता. अंगण दोन्ही अंगांनी मोकळं होतं, एकीकडे खिंड दिसे, दुसरीकडे तळं. मधे एक नवी गाडी उभी होती, अजून सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"बघा हिची दशा," आप्पा ओटीवरून उतरून गाडीपाशी गेले. "नवीकोरी. पोराने हौसेने आणली. रविवारी इथेच होती, तेव्हापासून जागची हलवली नाही. तुमच्या कंपनीचा कुणी माणूस येईल तेव्हा बघेल म्हणून."

टपावर पोचे होते. तळ्याकडच्या दोन्ही दारांवर पोचे होते, छान गोल गोल, एकसारखे. बाईंनी बोट फिरवलं. रंगाला कुठे तडा नव्हता. हळहळ वाटावी अशीच गोष्ट होती. गाडीला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या, खिंडीकडच्या बाजूला. तिथे जरा वेळ थांबल्या, रुमालाने चष्मा पुसला.

"छान गाडी आहे," त्या म्हणाल्या.

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "बाई, तिला फार त्रास होईल का? माझ्या बायकोला?"

"कुणाला तरी होणार," बाई म्हणाल्या. "माणूस मेलाय."

४

संध्याकाळच्या आत बाई पुन्हा कारखान्यात आल्या तेव्हा कंत्राटदार निघण्याच्या तयारीत होता. बाईंनी त्याच्या जुन्या गाडीच्या दारावरून हात फिरवला.

"तुमच्या गावात खडासुद्धा पडला नाही ना?"

कंत्राटदाराचा चेहरा उतरला.

"मग हे काय, कांजिण्या?"

"बाई, देवाशप्पथ, छपराशी माझा काही संबंध नाही."

"छपराचं नंतर. गाडीचं आधी."

बोलता बोलता त्याने सगळं ओकलं. शेडचं काम संपल्यावर थोडं लोखंड उरलं होतं, तुकडेताकडे. ते कारखान्याच्या दक्षिणेच्या अंगणात पडून होतं. सुट्टीच्या दिवशी कुणी नसतं म्हणून तो कुंपणाच्या फटीतून गाडी आत घालून ते उचलायला आला होता. गारा सुरू झाल्या तसा तो गाडीतच दडून बसला.

"मग आता भीती अशी की मीच बोल्ट काढून नेले म्हणतील," तो म्हणाला. "चोर तो चोर, वर खुनी."

"गाडीचं तोंड कुठे होतं?"

"तळ्याकडे. का?"

म्हणजे गाडीची पाठ खिंडीकडे. बाईंनी पाहिलं. मागची काच तडकली होती, डिकीची चाळण झाली होती आणि पुढचं बॉनेट जवळपास कोरं होतं. गाडी खोटं बोलत नव्हती. कंत्राटदार बोलला होता, पण त्यात लोखंडाच्या चार तुकड्यांपलीकडे काही नव्हतं. वादळात ही गाडी उघड्यावर उभी होती, छपराखाली नाही.

"तुम्हाला काही ऐकू आलं?"

तो घुटमळला. "आलं. म्हणून तर झोप उडाली. क्रेनवाल्याचा आवाज होता. ओरडत होता. 'ढकला, ढकला' म्हणून."

"कुणाला?"

"तेच तर," कंत्राटदार म्हणाला. "तो एकटाच होता ना आत?"

५

उजेड अजून होता. बाई शेडच्या बाहेरून, खिंडीकडच्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मालकांच्या घरून येताना त्या इथूनच गेल्या होत्या आणि बघूनही त्यांना दिसलं नव्हतं. आता दिसलं, आणि त्यांनी स्वतःला मनातल्या मनात एक शिवी दिली.

भिंतीचा पत्रा वरपासून खालपर्यंत गारांनी टोचला होता. मधलं दार मात्र स्वच्छ होतं. एक वण नाही.

सरकतं दार ते. उघडलं की भिंतीच्या आतल्या बाजूला सरकून जातं, भिंतीआड लपतं. गारा पडत होत्या तेव्हा हे दार भिंतीआड होतं. म्हणजे उघडं होतं, सताड. नंतर कुणीतरी ते ओढून घेतलं.

त्या आत गेल्या. दाराच्या आतल्या कड्या खाली लोंबत होत्या, एकही खोचलेली नव्हती. म्हणजे ते बाहेर जाऊन बाहेरूनच ओढलं होतं. पोलिसांना दार बंद दिसलं, आणि बंद दार कड्या न लावता बंद आहे का हे बघायला कुणी वाकत नाही.

मग फरशी. दारातून आत आलेल्या गारा वितळल्या होत्या, धूळ मिसळून त्यांचा चिखल झाला होता आणि सुकला होता. शाबूत छपराखालच्या त्या एका गाळ्यात सगळीकडे सुकलेला चिखल, फक्त मधे एक लांबट चौकोन कोरा. बाईंनी पावलांनी अंदाज घेतला. ट्रकचा नाही. साध्या मोटारीचा.

आता चपलांचाही अर्थ लागत होता. गाडी आत आली. दार उघडं राहिलं, वाऱ्याने रुळात अडकलं. क्रेनवाल्याने चपला फेकल्या, अनवाणी पाय रोवले आणि एकट्याने ते ढकलत राहिला. 'ढकला, ढकला' म्हणून ज्याला हाका मारत होता तो माणूस त्या कोऱ्या चौकोनात होता.

बाई क्रेनच्या शिडीच्या खालच्या पायरीवर टेकल्या. त्यांना राग येत नसे सहसा. नोकरीत राग परवडत नाही. आज आला होता. गारांचे पोचे पडू नयेत म्हणून एक गाडी आत घेतली, एवढ्यासाठी. आणि उद्या त्याचं बिल त्या पोरीच्या माथी.

त्यांनी पोलीस ठाण्याला फोन केला. "मालकांच्या घरी या," त्या म्हणाल्या. "घाई नाही. चहा घेऊन निघालात तरी चालेल."

६

मालकांच्या बैठकीच्या खोलीत सगळे होते. आप्पा आरामखुर्चीत, मुलगा खिडकीशी, सून भिंतीजवळच्या खुर्चीवर. बाईंना बघताच आप्पांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला.

"बरं झालं आलात. सूनबाईने सही केलीय. तुमचंही काम सोपं झालं."

कागदावर एकच ओळ होती. माझ्या निष्काळजीपणामुळे एका माणसाचा जीव गेला, याची मला जाणीव आहे. खाली सुनेची सही, अक्षर स्थिर.

"का केलीत?" बाईंनी विचारलं.

"हे म्हणाले, कर," सून म्हणाली. "मलाही वाटलं, चूक मला दिसत नसेल तर तीच माझी चूक असेल."

बाई बसल्या. "मी जरा बोलते. मधे कुणी बोलू नका, माझी लिंक तुटते." आणि त्यांनी एकेक करून सांगितलं. वण पडलेली भिंत आणि कोरं दार. न लावलेल्या कड्या. फरशीवरचा चौकोन. चपला. कंत्राटदाराने ऐकलेली हाक. सुनेचा चेहरा बोलता बोलता बदलत गेला. डिझाइन चुकलं नव्हतं. दार उघडं होतं.

"कंत्राटदारच असणार," आप्पा म्हणाले. "गाडी आहे त्याच्याकडे. चोर आहे तो, मला पहिल्यापासून संशय होता."

"त्याची गाडी खिंडीकडून सोललीय. गारा जिकडून आल्या तिकडून. भिंतही तिकडूनच, तुमच्या झडपाही तिकडूनच. या गावात रविवारी जे जे उघड्यावर होतं त्याला खिंडीकडून मार बसला." बाईंनी चष्मा काढला. "एक सोडून. तुमच्या अंगणातली गाडी. तिला तळ्याकडून मार बसलाय. खिंडीकडची बाजू अगदी आरशासारखी आहे. रविवारपासून जागची हलली नाही, असं तुम्हीच म्हणालात."

मुलाने खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

"ते पोचे गारांचे नाहीत, ठोकलेले आहेत. आणि बाळासाहेबांनी ते केले नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "ते वादळात होते. वारा कुठून आला ते त्यांनी अंगावर घेतलंय. ज्याने ते पोचे केले तो झडपा लावून घरात बसला होता. आणि वारा तळ्याकडूनच येतो यावर त्याचा आयुष्यभर विश्वास आहे. शिवाय हात कसबी. रंगाला तडा न जाता पत्रा बसवणं येरागबाळ्याचं काम नाही. फडकं गुंडाळून घेतलंत ना हातोडीला?"

आप्पांनी मनगटं मांडीवर ठेवली. एकदम म्हातारे दिसू लागले.

"पोर थरथरत आलं," ते म्हणाले. "गाडीला ओरखडा नाही आणि सगळ्या गावाच्या गाड्या फुटलेल्या. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? मी बाप आहे. मला दुसरं काही सुचलं नाही."

"माझं नाव सुचलं," सून म्हणाली.

"तुला सोडवलं असतं ग. वकील ठरवला होता. बाळ तुरुंगात गेला असता तर राहिलं काय माझं?"

सुनेने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"दार कुणी उघडलं?"

"त्यानेच," मुलगा म्हणाला. "मी गल्लीने येत होतो आणि गारा सुरू झाल्या. घर पुढे होतं, पण अंगणात आडोसा नाही. मी हॉर्न वाजवला. तो नको म्हणत होता. वहिनींनी सांगितलंय, वादळात उघडायचं नाही, म्हणाला. मी म्हटलं, मालक कोण आहे?"

"मग?"

"मग उघडलं. मी गाडी आत घेतली. दार परत लागेना."

"आणि तो हाका मारत होता."

"तुला माहीत नाही पत्र्याखाली गारांचा आवाज काय असतो तो. कानठळ्या बसतात. गाडीच्या काचा वर होत्या."

"मी आवाज केवढा होता ते नाही विचारत," सून म्हणाली. "तुला ऐकू आलं का ते विचारतेय."

आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आलं," तो म्हणाला. "मला वाटलं लावेल तो. कपडे भिजले असते."

सुनेने डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी ओघळलं तसं तिने ते पदराने नाही, हाताच्या पंज्याने पुसलं, कामावर घाम पुसावा तसं.

"दोघं असता तर लागलं असतं ते दार," ती म्हणाली. "दोघांच्या जोरावर लागेल असंच केलं होतं मी ते. तो एकटा राहिला."

"मी घाबरलो होतो. नंतर तुला सांगणार होतो, खरंच. तू माहेराहून आलीस आणि आल्या आल्या स्वतःलाच दोष द्यायला लागलीस, मग मला..."

"मग तुला सोपं गेलं."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाई उठल्या आणि पोलिसांना दोन मिनिटं थांबवायला ओटीवर गेल्या. कुणाच्या घरातली शेवटची दोन मिनिटं त्या शक्यतो त्या घरालाच देत. पण दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं त्यांना ऐकू आलं आणि दिसलंही.

सून टेबलापाशी आली. आप्पांना वाटलं ती कागद फाडणार, म्हणून त्यांनी हात पुढे केला. तिने फाडला नाही. पेन घेतलं, आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली आणि कागद फिरवून नवऱ्यापुढे ठेवला.

"मजकूर बरोबर आहे," ती म्हणाली. "सही चुकीची होती."

मुलाने बापाकडे पाहिलं. आप्पा खाली जमिनीकडे बघत होते. मग त्याने पेन उचललं.